दुर्बिणीचा आरसा घासताना

दुर्बीण म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती पट मोठं दिसतं? मला हा प्रश्न आता अगदी दुय्यम वाटतो. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बदललं की पट बदलते, त्यात काही विशेष नाही. प्रकाश गोळा करणारा भाग किती रुंद आहे आणि त्याचा पृष्ठभाग किती अचूक आहे, यावर सगळा खेळ चालतो. यातलं रुंदीचं गणित कागदावर कळतं. अचूकता म्हणजे काय, हे मात्र मला सहा इंची काच स्वतःच्या हाताने घासली तेव्हाच समजलं.

भिंग की आरसा, यावर फार डोकं खपवावं लागलं नाही. गॅलिलिओने 1609 साली आकाशाकडे रोखली ती भिंगांची, म्हणजे अपवर्तक दुर्बीण. भिंगातून जाताना निरनिराळे रंग निरनिराळ्या अंतरावर एकत्र येतात आणि चंद्राच्या कडेला रंगीत झालर दिसते. ती घालवायची तर दोन वेगळ्या जातींच्या काचांची जोडी लागते. म्हणजे चार पृष्ठभाग घासायचे, शिवाय प्रकाश काचेच्या आतून जाणार म्हणून काच आतूनही निर्दोष हवी. मोठं भिंग फक्त कडेने धरता येतं, त्यामुळे ते स्वतःच्याच वजनाने वाकतं. 1897 साली सुरू झालेल्या यर्क्स वेधशाळेतल्या 40 इंची दुर्बिणीपेक्षा मोठी अपवर्तक दुर्बीण संशोधनासाठी पुढे वापरात आलीच नाही, त्याचं कारण हेच. आरशाला एकच पृष्ठभाग. तो मागून हवा तितका टेकवता येतो आणि रंगांची भानगडच नाही. न्यूटनने 1668 मध्ये धातूचा छोटा आरसा लावून परावर्तक दुर्बीण केली. हौशी माणसं आजही मुख्यतः तीच रचना उचलतात, मीही उचलली.

साहित्य थोडं असतं: दोन जाड काचेच्या चकत्या, कार्बोरंडमची (काच घासणारी कठीण) पूड आणि पाणी. एक चकती खाली पक्की बसवायची, वर ओली पूड टाकायची, त्यावर दुसरी चकती ठेवून पुढे-मागे रेटायची. मधूनमधून वरची चकती थोडी फिरवायची आणि आपणही टेबलाभोवती एकेक पाऊल सरकायचं. गंमत अशी की आकार काढण्यासाठी कुठलाही साचा लागत नाही. वरची काच मध्यावर जास्त झिजते, खालची कडेला. दोन पृष्ठभाग कसेही सरकवले, कसेही फिरवले तरी सगळीकडे टेकून राहायचे असतील तर ते गोलाचेच भाग असावे लागतात. त्यामुळे वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि तोच आपला आरसा.

खोलगट म्हणजे किती? माझ्या आरशाची फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून ताऱ्याचा प्रकाश एकत्र येतो तिथपर्यंतचं अंतर, 1200 मिमी ठरली होती. त्यासाठी मध्यावर खोली हवी जेमतेम 1.17 मिमी. सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पाती सरकवून ती मोजते. सुरुवातीच्या 80 नंबरच्या पुडीचा कर्रकर्र आवाज शेजारच्या खोलीतही ऐकू जातो. दाणे चुरडले की आवाज मऊ पडतो, तेव्हा नवी पूड टाकायची. पुढे 120, 220, 320, 500 असं बारीक होत जायचं. प्रत्येक टप्प्यानंतर टेबल, बादली, हात, नखं, सगळं धुऊन काढायचं, कारण जाड पुडीचा एक दाणा मागे राहिला तर तो बारीक टप्प्यात लांबलचक ओरखडा काढतो. मी अंगातले कपडेसुद्धा बदलत असे. पृष्ठभाग ओलाच ठेवायचा, कोरडी धूळ छातीत जाता कामा नये. या भागाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. कंटाळवाणा आहे, पण सोपा आहे.

पॉलिशला पिच लागतं. हा डांबरासारखा चिकट पदार्थ गरम करून खालच्या चकतीवर ओतायचा, त्यात चौकोनी चर पाडायचे आणि वर सिरियम ऑक्साईड या पॉलिशच्या पुडीचं पाणी घालून आरसा चालवायचा. पिच दिसायला घट्ट असतं, पण दाबाखाली हळूहळू वाहतं आणि काचेचा आकार घेतं. ते थंडीत फार कडक होतं, उन्हाळ्यात फार मऊ. अंगठ्याचं नख दाबून अंदाज घ्यायचा, एवढंच. धुरकट काच मध्यापासून हळूहळू पारदर्शक होत गेली, कडेला मात्र शेवटपर्यंत भिंगाखाली बारीक खड्डे दिसत राहिले.

मग येते चाचणी, आणि खरं काम इथेच असतं. फ्रान्सच्या लेआँ फूकोने 1850 च्या दशकाच्या शेवटी शोधलेली पद्धत अजून तशीच चालते. आरशापासून फोकल लेंथच्या दुप्पट, म्हणजे माझ्या बाबतीत 2400 मिमी अंतरावर एक अरुंद फट ठेवून तिच्यामागे दिवा लावायचा. आरशावरून परतलेला प्रकाश जिथे एकत्र येतो तिथे ब्लेडची धार हळूच आडवी सरकवायची आणि धारेच्या मागून आरशाकडे पाहायचं. आरसा अचूक गोलाकार असेल तर तो सगळा एकदम करडा होतो. कुठे उंचवटा किंवा खळगा असेल तर तिथे सावल्या उठून दिसतात.

मी एकदा काचेवर अंगठा थोडा वेळ टेकवला आणि पुन्हा धारेमागून पाहिलं. जिथे बोट होतं तिथे चांगलं टेंगूळ आलेलं! अंगठ्याच्या उबेने काच फुगलेली, एरवी कुठल्याही पट्टीने मोजता न येणारी, आणि ती डोळ्यांसमोर हळूहळू ओसरत गेली. पॉलिशनंतर काच निवेपर्यंत मोजमाप करायचं नाही, हा नियम मला त्यानंतर कोणी सांगावा लागला नाही.

गोल आकारावर काम संपत नाही, ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत यायला पॅराबोला, म्हणजे कडेकडे किंचित उघडत जाणारा आकार, हवा. माझ्या आरशात गोल आणि पॅराबोला यांच्यातला फरक कडेला मोजला तर सुमारे 0.3 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हिरव्या प्रकाशाच्या जवळपास अर्ध्या तरंगलांबीएवढा. एवढीशी काच मधोमध जास्त काढायची. त्यासाठी आरसा रुंद, इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चालवायचा. चार-दोन मिनिटं पॉलिश, मग काच निवेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा धार. पृष्ठभागावरची चूक परावर्तनात दुप्पट होते, म्हणून पृष्ठभाग तरंगलांबीच्या अष्टमांशात बसला पाहिजे असं मानतात.

चाचणीवर किती विसंबायचं, याचा सगळ्यात महागडा धडा अंतराळातल्या हबल दुर्बिणीचा. तिचा 2.4 मीटरचा आरसा अतिशय गुळगुळीत घासलेला होता, पण चुकीच्या आकारात. मोजणाऱ्या उपकरणातलं एक भिंग 1.3 मिमी चुकीच्या जागी बसलं होतं, त्यामुळे आरशाची कड सुमारे 2.2 मायक्रॉन जास्त सपाट झाली. दुसऱ्या चाचण्यांमध्ये गडबड दिसली होती, तरी विश्वास ठेवला गेला तो चुकलेल्या उपकरणावर. 1990 मध्ये दुर्बीण वर गेली आणि 1993 मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली. हे वाचल्यापासून मी दोन वेगळ्या पद्धतींनी मोजल्याशिवाय आकडा मान्य करत नाही.

तरंगलांबीचा हा हिशेब डोक्यात बसला की बाकीच्या दुर्बिणी विचित्र वाटेनाशा होतात. रेडिओ लहरी लांब असतात, त्यामुळे पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश तारेच्या जाळीच्या असल्या तरी चालतात. 21 सेंमीच्या लहरीला ती जाळी आरशासारखीच. उलट क्ष-किरण समोरून आदळले तर परततच नाहीत, म्हणून 1999 मध्ये सोडलेल्या चंद्रा दुर्बिणीत ते आरशांना चाटून जातील असे आरसे बसवले आहेत. जेम्स वेबच्या 18 षटकोनी तुकड्यांवर सोन्याचा थर आहे, कारण अवरक्त प्रकाश सोनं उत्तम परतवतं. आणि आयपीसला डोळा लावून बसतात ते आपण हौशी लोक. संशोधक कॅमेरा किंवा वर्णपटमापक लावतात आणि ताऱ्याचा प्रकाश फोडून त्यातून तापमान, घटक, वेग काढतात.

ॲल्युमिनियमचा थर चढवायला आरसा पाठवण्याआधी मी तो नुसता नळीत बसवून पाहिला. कोरी काच जेमतेम 4 टक्के प्रकाश परतवते. ती चंद्राला पुष्कळ झाली आणि डोळेही दिपले नाहीत. थर आल्यावर ताऱ्यावर चाचणी घेतली. फोकसच्या आत आणि बाहेर ताऱ्याभोवती कडी दिसतात, ती दोन्हीकडे सारखी हवीत. माझी जवळपास सारखी होती, फक्त अगदी बाहेरचं कडं एका बाजूला पुसट. आरशाची कड किंचित उतरली होती, हाताने घासलेल्या काचेत हा नेहमीचा प्रकार. पुन्हा पॉलिशला बसण्याऐवजी मी काळ्या कागदाचं कडं कापून ती कड झाकून टाकली. व्यास पाव इंचाने घटला, पण 10 मिमी आयपीस लावून 120 पटीला, हवा स्थिर आणि शनीची कडी पुरेशी कललेली असली, तर त्यांतली कॅसिनीची फट, म्हणजे कड्यांमधली बारीक काळी रेघ, स्वच्छ दिसते.