तुम्ही विचारलंत म्हणून: मेहुण्याला बर्फावर नेलंच कशाला

या जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वजांची मिरवणूक बघत उभा होतो, तर मागनं खांद्यावर हात पडला. शाळेतला एक जण, वीसेक वर्षांनी भेटलेला, कसा आहेस, कधी आलास काही नाही, पहिलं वाक्य काय तर, "का बे, मेहुण्याला बर्फात बुडवलास म्हणं तू?"

सासुरवाडीत हाच प्रश्न जरा इस्त्री करून येतो. "जावईबापू, तुम्ही त्याला तिकडं नेलंतच कशाला हो?" साखरपुड्यात, बारशात, एकदा तर तेराव्याला. दरवेळी मी काहीतरी सांगतो आणि दरवेळी वेगळं सांगतो, आणि घरी येताना बायको गाडीत काही बोलत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, यापुढे कुणी विचारलं की हेच वाचायला देणार. कॅनडात एडमंटनला मी काय करत होतो आणि परत का आलो हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो.

आधी त्या खेळाबद्दल, गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून गळानं मासे धरतात तो, कारण अर्ध्या लोकांना वाटतं आम्ही हिमालयात वगैरे गेलो होतो. छोटं तळं असतं, आपल्या कंबर तलावाएवढं म्हणा फार तर. त्यात सरकार रेनबो ट्राउट आणून सोडतं, आपल्याकडं मत्स्यबीज सोडतात तसंच, फक्त वीतभर वाढवून सोडतात. या माशाला अंडी घालायला वाहतं पाणी आणि तळाला खडी लागते, साचलेल्या तळ्यात त्याची वीण होत नाही, म्हणून दरवर्षी नवे सोडायचे आणि लोकांनी पकडून न्यायचे. लायसन्स काढायचं, दिवसाला पाच मासे, संपला विषय. हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकून बसणारा माझा एक मित्र म्हणतो की ही शिकार नाही, हे मंडईतनं पिशवी भरून आणणं आहे. मी त्याच्याशी लई वाद घातलाय, पण खरं सांगायचं तर तो चूक नाही.

पण त्यानं भोकात तोंड घालून बघितलेलं नाही. गिरमिटानं बर्फात वीतभर रुंद भोक पाडायचं, फेब्रुवारीत बर्फ दीड-दोन फूट असतो, घाम निघतो. मग वर आलेला चुरा झाऱ्यानं काढायचा. त्यासाठी तिकडं दुकानात वेगळी वस्तू मिळते, पण मी आईनं दिलेला पुऱ्यांचा झारा वापरायचो. मग पालथं झोपून जाकीट डोक्यावर ओढून घ्यायचं म्हणजे वरचा उजेड बंद, आणि खाली हिरवट उजेडात पाच-सहा फुटांवर तळ दिसायला लागतो, शेवाळाची काडी न काडी. थंडीत ट्राउट काठाजवळच फिरतो, खोल जायलाच पाहिजे असं नाही. काही नसतं, काही नसतं, आणि एकदम एक मासा आवाज न करता येतो, आमिषासमोर थांबतो, ते तोंडात ओढून घेतो आणि तेवढ्यात थुंकतो, तुम्ही झटका देईपर्यंत तो गेलेला असतो. हे मी तासन्‌तास बघितलंय. गळाच्या दांडीच्या कड्यांत बर्फ साचतो तो अंगठ्यानं फोडायचा, मोबाईल थंडीनं बंद पडतो तो पडू द्यायचा, खिशात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. उणे वीसमध्येही कडक भाकरीला काही होत नाही, सँडविचचं मात्र दगड होतं.

तर "कशाला" याचं एक उत्तर हे आहे. बरीच वर्षं मी हेच देत आलो, शांतता, निसर्ग, मन मोकळं होतं वगैरे. हे खोटं नाही, पण ते तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही.

मार्च २०१९. मेहुणा तीन महिन्यांसाठी आला होता, तिकडं काही जमतंय का बघायला. सव्वीस वर्षांचा. लहान नव्हता, हे मला दरवेळी सांगावं लागतं आणि सांगताना दरवेळी लाज वाटते. आठवडाभर तो मागं लागला होता, "दाजी, एकदा तरी न्या." हेही खरं. मी त्याला ओढून नेलं नाही.

ते तळं उथळ होतं. अशा तळ्यांवर हिमाचा थर बसला की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातली झाडं मरून कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपत जातो आणि हिवाळा सरेपर्यंत मासे गुदमरून मरतात. म्हणून काही तळ्यांत हिवाळाभर पंपानं खाली हवा सोडतात. तेवढ्या भागात बर्फ धरत नाही, पाणी उकळी आल्यासारखं वरखाली होत राहतं. भोवतीनं कुंपण असतं, पाट्या असतात, पातळ बर्फ, धोका. ती पाटी मी वाचली होती. त्यानंही वाचली होती.

आता जे मी कुणाला सांगितलेलं नाही ते. जागा मी निवडली. कुंपणापासून चाळीसेक पावलांवर, आणि मुद्दाम निवडली, कारण मार्चमध्ये मासे प्राणवायू आहे तिकडं गोळा होतात, जानेवारीत मला तिथंच चार मिळाले होते, आणि पोरगं पहिल्यांदा आलंय तर त्याला मासा मिळावा असं मला वाटत होतं. त्याच्यासाठी असं म्हणतोय खरं, पण सोलापुरात फोन जाईल आणि दाजींनी मासा काढून दिला असं सांगितलं जाईल, हेही डोक्यात होतंच.

पहिलं भोक काठाकडं पाडलं, तिथं बर्फ दीड फूट होता. दुसरं कुंपणाच्या बाजूला पाडायला घेतलं आणि गिरमिट सात-आठ फेऱ्यांत आरपार गेलं. हाताला कळतं हो ते, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावी, तसं हात एकदम खाली जातो. मी स्वतःशी म्हणलं, पाती चांगली चाललीत आज. त्याच सकाळी गाडीत मी त्याला सांगत होतो की पाती बोथट झालीत, बदलायला पाहिजेत. माणूस स्वतःला किती पटकन गंडवतो बघा, तीन तासही झाले नव्हते. चालायला १० सेंमी चांगला घट्ट बर्फ पुरतो असं तिकडं बरेच जण सांगतात, पण ते हिवाळ्यातल्या निळसर काचेसारख्या बर्फाबद्दल. मार्चचा बर्फ आतनं सुटा व्हायला लागलेला असतो, दिसतो जाड, ताकद नसते. हे मला माहीत होतं. झारा भोकात घालून जाडी मोजायला दहा सेकंद लागली असती. नाही मोजली.

कारण तेवढ्यात त्याला मासा लागला. वीतभरापेक्षा थोडा मोठा, अंगावर गुलाबी पट्टा, बर्फावर उड्या मारायला लागला आणि सगळ्या अंगाला हिम चिकटलं, रव्यात घोळवल्यासारखा. मेहुणा असा ओरडला की पलीकडचा म्हातारा हसला आणि त्यानं हात वर केला. त्या क्षणी मी म्हणायला पाहिजे होतं, चल, सामान उचल, मागं सरकू. मी म्हणलं, अजून एक काढू.

मग त्याला कुंपणापलीकडच्या उकळत्या पाण्याचा व्हिडिओ हवा होता, इकडं ग्रुपवर टाकायला. तो निघाला आणि मी म्हणलं, "जास्त पुढं जाऊ नको." हे वाक्य मी सहा वर्षं पुरावा म्हणून वापरतोय. सांगितलं होतं की मी! पण हिप्परग्याच्या बांधावर पोरांना म्हणतो त्याच सुरात म्हणलं होतं, दांडीवरची नजर न काढता. जास्त म्हणजे किती हे मलाही माहीत नव्हतं. पंपानं तळातलं त्यातल्या त्यात गरम पाणी, म्हणजे चार अंशाचं, वर येतं आणि बर्फ खालनं खात राहतं, कुंपणाच्या बाहेरसुद्धा.

आवाज आला नाही. सकाळी मीच त्याला शिकवलं होतं की बर्फ गडगडतो त्याला घाबरू नको, थंडीनं आकुंचन पावतो, जाड बर्फच असा बोलतो. त्यामुळं तो आवाजाची वाट बघत चालत असणार. मी वर बघितलं तर कुंपणाच्या पाच-सात पावलं अलीकडं एक टोपी आणि दोन हात होते.

तो पोहायला विहिरीत शिकलेला, पाठीला डबा बांधून. पण त्या पाण्यात पडलं की पहिल्यांदा श्वासच हातात राहत नाही, माणूस नुसता हापतो. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी त्याचं गणित सांगितलंय, एक-दहा-एक: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि गारठून शुद्ध जायला साधारण एक तास. हे मी नंतर वाचलं. गळ्यात अडकवायचे खिळे, बर्फात रोवून बाहेर यायला असतात ते, माझ्याकडं होते. गॅरेजमध्ये, खोक्यात.

मी पालथा पडून सरकत गेलो आणि स्लेडवर, म्हणजे बर्फावरनं सामान ओढायच्या गाडीवर, बसायला नेलेली चादर फेकली. आता चादरीची गोष्ट. सासरी ही गोष्ट अशी सांगतात की सोलापुरी चादरीनं पोराचा जीव वाचवला, आपल्या मागावरची चादर म्हणून पकडीतनं निसटली नाही. सासूबाईंनी ती चादर धुवून कपाटात ठेवलीय, पाहुण्यांना काढून दाखवतात. मीपण तिथं बसून मान हलवलीय, एकदा नाही, चार-पाचदा.

चादर पोचलीच नाही. हातभर अलीकडं पडली, ओली झाली, दुसऱ्यांदा ओढून फेकायला गेलो तर जड झालेली, आणखीच अलीकडं पडली. पुढं सरकायला पाहिजे होतं. मी सरकलो नाही. माझ्या छातीखाली बर्फावर पाणी यायला लागलं होतं आणि मी तिथं थांबलो. त्याला काढलं त्या हात वर करणाऱ्या म्हाताऱ्यानं, त्याच्या स्लेडला दोरी होती. तो इंग्रजीत ओरडत होता, आडवा हो, पाय मार, ज्या बाजूनं आलास त्या बाजूला ये, आणि मी ते मराठीत ओरडत होतो, एवढंच माझं काम. पाय मार, पाय मार! सील माशासारखा तो पोटावर वर आला आणि लोळत लोळत दूर झाला. पाण्यात किती वेळ होता? म्हातारा म्हणाला चार मिनिटं. चादर तोवर पत्र्यासारखी कडक झाली होती, तीच काखेत मारून मी गाडीकडं पळालो, का ते मला माहीत नाही.

गाडीत हीटर, ओले कपडे काढून कोरडे, अँब्युलन्स, काही तास दवाखान्यात, रात्री घरी. बोट गेलं नाही की काही नाही. "मग एवढं काय त्यात, वाचला ना," असंही काही जण म्हणतात आणि त्यांचं ऐकून मला बरं वाटतं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटतं. एप्रिलमध्ये ठरल्या दिवसापेक्षा महिनाभर आधी तो सोलापूरला परत आला. माझ्यामुळं आला का? तो म्हणतो नोकरीचं जमत नव्हतं. ते खरंच जमत नव्हतं. तो माझ्याशी व्यवस्थित बोलतो, दाजी दाजी करतो, पण माझ्या गाडीत पुढं बसत नाही. असेल योगायोग.

आणि अजून एक, लिहितोच आहे तर. तिसऱ्या दिवशी मी सामान आणायला एकटा तळ्यावर गेलो. सगळं तसंच पडलेलं, कुणी हात लावला नव्हता, तो मासासुद्धा कावळ्यांनी अर्धा सोडला होता. सामान स्लेडवर चढवलं. काठाकडच्या भोकावर बोटभर पापुद्रा धरला होता, तो झाऱ्यानं फोडला. आणि वीस-पंचवीस मिनिटं पालथा झोपून आत बघत राहिलो, गळ टाकून. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की भीती मोडायला बसलोय, घोड्यावरनं पडलेल्यानं लगेच परत बसावं तसं. आता वाटतं तसं काही नव्हतं, मला नुसतं बघायचं होतं. हे बायकोला आज, हे वाचून कळेल.

मग त्याला नेलंच कशाला? मला बघायला आवडतं ते त्यानं बघावं म्हणून. मिरवायला म्हणून. त्यानं हट्ट केला म्हणून. तिन्ही खरं आहे आणि कुठलं किती ते मला काढता येत नाही. तेव्हाचा मी म्हणेल, पन्नास वेळा गेलास, एकदा झालं, आणि कुंपणाकडं तो स्वतः गेला. बरोबर आहे त्याचं. पण सात-आठ फेऱ्या त्यानंही मोजल्या होत्या.

सासूबाईंना चादरीचं कसं सांगायचं ते ठरलेलं नाही. सामान एडमंटनच्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये आहे. तो घर बदलतोय, परवा त्यानं गिरमिटाचा फोटो पाठवून विचारलं, विकून टाकू का. मी अजून त्याला हो म्हणलेलं नाही.