तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगा असताना घर बँकेकडे का?

लग्नात, हळदीकुंकवाला, एकदा तर ह्यांच्या तेराव्यालासुद्धा मला हे विचारलं गेलं: “मुलगा नाशिकला चांगला कमावतो, मग घर बँकेकडे कशाला ठेवलंत?”

आधी हे ऐका, की मी घर विकलेलं नाही. डोंबिवलीचा फ्लॅट आमच्या नावावरच आहे आणि मी मरेपर्यंत मला इथून कोणी उठवू शकत नाही. मात्र घरपट्टी, विमा, डागडुजी माझ्याकडे. मी घेतलंय ते रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा मिळणारं कर्ज. ही सोय 2007 पासून आहे. साठी उलटलेल्याला, स्वतःच्या राहत्या घरावर. हप्ता आपण भरायचा नसतो, बँक आपल्याला देते, आणि त्या पैशावर आयकर नाही.

फुकट मात्र काही नाही. आमच्या घराची किंमत 60 लाख धरली. त्याच्या 60 टक्के, म्हणजे 36 लाख, ही व्याजासकट मर्यादा. दहा टक्के व्याजाने 15 वर्षांत कर्ज तिथवर पोचेल असा हिशेब केला, की हातात पडतात महिन्याला 8,700च्या आसपास. 15 वर्षांत साडेपंधरा लाख घ्यायचे आणि 36 लाखांचं कर्ज ठेवून जायचं. हा आकडा मी सही करण्याआधी वहीत मांडला होता. मला कोणी फसवलेलं नाही.

ह्यांची पीएफची पेन्शन दोन हजारांच्या आत, माझी शाळा विनाअनुदानित. ह्यांचं डायलिसिस सुरू झाल्यावर मुलगा न मागता पैसे पाठवायचा. पण औषध बदललं की परत फोन करायचा, आधी नातवाची चौकशी, मग सुनेची, मग तो विषय. मला ते जमेना.

व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा बँकेचा माणूस, आला त्या दिवसाबद्दल मात्र मी आजवर कोणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांची तपासणी होती म्हणून मुलगा आदल्या दिवशीच आला होता, न कळवता. तो माणूस टेप लावून खोल्या मोजत होता. मोरीतली ओल त्याने कागदावर टिपून घेतली. “इमारत अजून वीस वर्षं काढेल ना?” असं त्याने मला विचारलं. मुलाने विचारलं, “आई, हे कोण?” मी म्हटलं, “सोसायटीचे.” व्हॅल्युअर बिचारा सरळ मनाने म्हणाला, “नाही हो, बँकेकडून आलोय. रिव्हर्स मॉर्गेजसाठी.”

मुलगा काही बोलला नाही. त्याने पाण्याचा तांब्या आणून त्या माणसापुढे ठेवला. हे आतल्या खोलीत जागे होते, त्यांनाही ऐकू गेलं. रात्री भांडी विसळताना तो म्हणाला, “घर मला नको होतं गं. पण खोटं का बोललीस?”

माझं मलाच तेव्हा वाटत होतं, की त्याला त्रास नको म्हणून मी लपवलं. आज वाटतं, तो नाही म्हणाला तर मी मागे फिरेन ह्याची मला भीती होती. कदाचित दोन्ही खरं असेल. पैसे घेतले ते योग्यच केलं, हे मी अजूनही कोणाच्याही तोंडावर सांगेन. त्या “सोसायटीचे”चं काय करायचं, ते मला कळलेलं नाही.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. कर्ज दोघांच्या नावावर होतं, म्हणून रक्कम येत राहिली. मी चौऱ्याऐंशीची होईन तेव्हा ती थांबेल. घर राहील, पैसे थांबतील. माझी आई एक्याण्णव वर्षं जगली.

माझ्यामागे वारसांना पहिला हक्क आहे: कर्ज फेडून घर ठेवावं, नाहीतर बँकेने विकून उरलेलं त्यांना द्यावं. विकून कमी आले, तरी ते मुलाच्या खिशातून मागता येत नाहीत. गेल्या महिन्यात सोसायटीत पुनर्विकासाचा विषय निघाला, तेव्हा बँकेची परवानगी लागेल म्हणून मी फाइल काढली. मुलगा आला होता. त्याने पहिल्या पानापासून सगळी वाचली, दोरी बांधून कपाटात ठेवली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाला. घर ठेवणार की सोडणार, हे तो बोलला नाही. मीही विचारलं नाही.