जोतिबाचा चढ, सीएनजी आणि चार प्लग

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी घरच्या सगळ्यांना घेऊन जोतिबाला निघालो, केर्लीवरनं वर वळलो आणि चढाला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके द्यायला लागली. पाय दाबला की ओढायची आणि मधेच एखादा ठोका चुकल्यागत व्हायचं, मागं आई म्हणतीय निघताना नारळ फोडायला पाहिजे होता. पेट्रोलचं बटण दाबलं तर गाडी एकदम गुळगुळीत, परत सीएनजीवर टाकली की परत तेच.

झालं, मी ठरवून टाकलं की लोचा गॅसचाच हाय. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला नेली, गॅसचा फिल्टर बदलला, ट्यूनिंग केलं म्हणे, अठराशे रुपये दिले आणि चार दिवसांनी पुईखडीच्या चढाला गाडी परत मिसिंग मारायला लागली. वर इंजिनची पिवळी लाईटपण लागली आता.

आमचे अण्णा पस्तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. त्यांनी पेपर खाली न ठेवताच विचारलं, "प्लग काढून बघितलास काय?" मी म्हटलं, अण्णा ही काय तुमची स्कूटर न्हवं. ते काय बोलले नाहीत. अण्णा बोलले नाहीत की समजायचं आपलं चुकलंय.

मॅन्युअल काढून बघितलं, त्यात प्लग (म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून इंधन पेटवतो तो स्पार्क प्लग) ४०,००० किलोमीटरला बदला असं स्वच्छ लिहिलंय आणि आमची गाडी ५२,००० ला. आता पेट्रोलवर नीट आणि गॅसवरच का अडायची, तर ठिणगीनं प्लगची टोकं हळूहळू झिजतात, दोन टोकांमधला गॅप वाढतो, आणि जेवढा गॅप जास्त तेवढं ठिणगीला उडी मारायला व्होल्टेज जास्त लागतं. गॅस पेटवायला मुळातच पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, आणि चढाला पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो मग अजून जास्त. म्हणून सपाट रोडला गाडी काय बोलत नाही, चढाला बोलते. आणि हे असंच चालवत राहिलं की प्लगला हे व्होल्टेज देणाऱ्या कॉइलवर ताण येऊन तीपण जाते, प्लगचे शंभर वाचवायला गेला आणि कॉइलचे हजार-दोन हजार घालून बसला अशातली गत.

मित्राकडनं मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर आणला, कोड आला पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तीन नंबरला मिसिंग. आता हे कॉइलमुळं का प्लगमुळं? आजकालच्या बहुतेक गाड्यांना प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते, मग एक नंबरची कॉइल तीनला आणि तीनची एकला घालायची, कोड पुसायचा आणि परत चढाला जाऊन यायचं. कोड ०३०१ झाला तर कॉइल गेली. आमचा परत ०३०३ च आला, म्हणजे कॉइल ठीक, बहुतेक प्लगच. फुकटात होणारी टेस्ट हाय ही, अठराशेच्या आधी केली असती तर.

मग खरेदी. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न, साधा का इरिडियम? साधा म्हणजे निकेलचा. इरिडियम २,४०० डिग्रीच्या वर वितळतं, निकेल साधारण १,४५० ला, त्यामुळं इरिडियमचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवता येतं आणि ते लाखभर किलोमीटरपर्यंत टिकतं. मला निकेलचा एक दीडशेच्या आत आणि इरिडियम साडेसहाशेला सांगितला. मी निकेलच घेतले, कारण कंपनीनं तेच दिलेले आणि माझ्या गाडीला बदलायला अर्धा तास लागतो. ज्या गाडीत प्लगपर्यंत पोचायला वरचं मॅनिफोल्ड (इंजिनला हवा पोचवणारे पाईप) उतरवावं लागतं तिथं मात्र इरिडियमच घाला, मजुरीतच फरक निघतो. पिकप वाढतो, अ‍ॅव्हरेज पाचनं वाढतं वगैरे दुकानदार सांगतो ते सोडून द्या.

नंबर मात्र जुळलाच पाहिजे. एनजीके कंपनीच्या प्लगवरचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, आणि बॉशचं बरोब्बर उलटं, त्यामुळं "दोन्हीवर सात हाय, चालतंय" असं करू नका. एनजीकेच्या कोडात शेवटी -११ असेल तर गॅप १.१ मिमी. आणि चार सिलिंडर म्हणजे चारच प्लग असंही नाही, जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनला आठ असायचे, मोजून घ्या. (एकानं मला डिझेल गाडीचे स्पार्क प्लग कुठं मिळतील विचारलंय. भावा, डिझेलला नसतात, तिथं असतात ते ग्लो प्लग.)

ऑनलाईन स्वस्त दिसले तरी मी धजलो नाही, डुप्लिकेट लई येतात. अण्णांनी दुकानातच एकेक प्लग डोळ्यापुढं धरून बघितला, वरचं टोक मधल्याच्या बरोबर डोक्यावर हाय का, पांढऱ्या भागावरची छपाई साफ हाय का, वायसर बोटानं सहज निघून येतोय का. वायसर हातात आला तर तो प्लग परत करायचा. दुकानदार वैतागला पण अण्णांना काय फरक पडतोय.

रविवारी सकाळी गाडी थंड असताना बसलो. गरम इंजिनचे प्लग खोलायचे नाहीत. प्लग बसतो ते इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, बिडाचं नाही, आटे मऊ असतात आणि प्लगबरोबर आटेच बाहेर आले तर मग हेलिकॉइल, म्हणजे आट्याची नवी स्प्रिंग, बसवत बसा. कॉइल काढल्यावर आधी भोकात हवा मारली, कारण खाली धूळ असते आणि प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये. १६ चा प्लग सॉकेट, आत रबर असलेला, लांब एक्स्टेन्शन आणि रॅचेट, बास.

तीन नंबरचा निघाला तो अण्णांनी हातातनं घेतलाच. बाजूचं टोक वरनं कमानीगत खाल्लेलं, मधल्याची कड गोल झालेली. फिलर गेज (गॅप मोजायच्या पत्त्या) घातला तर १.३ ची पत्ती आरामात गेली, पाहिजे १.०. रंग मात्र चारींचा फिकट तपकिरी, म्हणजे आत जळतंय नीट. काळा ओला असता तर ऑइल, काळा सुका काजळीसारखा असता तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असता तर गरम चालतंय. ही अण्णांची स्कूटरवरची विद्या, आणि ती इथं जशीच्या तशी लागू पडली, कबूल करायला लागतंय.

बाकीची विद्या मात्र लागू पडत नाही. "पॉलिश पेपर मार आणि घाल परत" म्हणाले, झिजलेली धातू पॉलिश पेपरनं परत येत नाही. नवीन प्लग ओट्यावर ठोकून गॅप करायला गेले तो हिसकावून घेतला. इरिडियमचं बारीक टोक तर अशानं मोडूनच पडेल. आणि आट्याला ग्रीस लावू का, नको, नव्या प्लगला कोटिंग असतं, ग्रीस लावलं की पाना तेवढाच वाटतो आणि प्लग जास्त आवळला जातो.

बसवायला मी रॅचेट लावतच नाही आधी. नुसतं सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोटांनी फिरवायचं, आटा गावला की गरगर फिरत जातो, जरा अडला की मागं घेऊन परत. पार टेकल्यावर पान्यानं अर्धा ते फार तर दोन तृतीयांश फेरा, नवीन वायसर दबतो तेवढा. टॉर्क पाना असेल तर १४ मिमी आट्याला साधारण २५ न्यूटन मीटर. माझ्याकडं नाही. चौथ्याला मी जरा जोर लावतोय बघून अण्णा म्हणाले, "हात जड हाय तुझा, सोड," आणि शेवटचा त्यांनी दोन बोटांत पाना धरून बसवला.

गेल्या रविवारी परत जोतिबा. दुसऱ्या गिअरला, सीएनजीवर, पाच माणसं, एक ठोका चुकला नाही. आईनं नारळ फोडला होता, श्रेय तिकडं गेलं.

जुने चार प्लग अण्णांनी टाकू दिले नाहीत. पॉलिश पेपर मारून, फडक्यात गुंडाळून स्कूटरच्या हत्याराच्या डब्यात ठेवलेत. स्कूटर विकून पंधरा वर्षं झाली.