पंप किती वाटले?

२०१८ चा ऑक्टोबर. जिल्हा वार्षिक योजनेच्या प्रारूप आराखड्याचे दिवस होते. अनुदानावर दिलेल्या फवारणी पंपांची पडताळणी करायला मी विदर्भातल्या एका गावात गेले होते. यादीतलं नाव, पंपाचा क्रमांक, लाभार्थ्याची सही, एवढंच काम.

तिसऱ्या घरी पंप होता, लाभार्थी नव्हता. त्याची आई म्हणाली, "पंप चांगला हाय मॅडम, फवारा बारीक पडते. पोरगा दवाखान्यात हाय. काल पराटी फवारून आला अन् ओकाऱ्या सुरू झाल्या." पराटी म्हणजे कपाशी.

पंपाशेजारी अर्धी बाटली होती. लेबलवर लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यांत जहाल वर्ग. मापाला बाटलीचंच टोपण. माहितीपत्रक रबर लावून बाटलीलाच गुंडाळलेलं, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी ते उघडलं, दारात उजेडात नेलं, तरी अक्षरं लागेनात. "किती टाकायचं, कोणी सांगितलं?" "दुकानदारानं. दोन औषधं मिसळून टाक म्हणे." औषध. आमच्याकडे सगळे हाच शब्द वापरतात, मीही वापरते.

परतताना ग्रामीण रुग्णालयात गेले. विशी-बाविशीचा मुलगा, अंग घामानं भिजलेलं, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. छातीतली खरखर थांबेपर्यंत विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन देत राहायचं, असं डॉक्टर सांगत होते आणि एक हात त्याच्या नाडीवरच होता. पराटी डोक्याइतकी वाढलेली, त्यामुळे नळी वर धरून फवारलं होतं; सगळं तोंडावर, छातीवर आलं. तोंडाला बांधलेला दुपट्टा भिजला, आणि तोच दिवसभर नाकाशी राहिला.

यवतमाळच्या २०१७ च्या मोसमाची आठवण आम्हा सगळ्यांना ताजी होती. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्यानंतर बैठका झाल्या, सूचना निघाल्या.

त्या रात्री मी आमचाच आराखडा पुन्हा उघडला. कृषीखाली पंप होते, आरोग्याखाली औषधसाठा होता. हातमोजे, मुखवटा, चष्मा, अंगरखा यांची एकही ओळ कुठे नव्हती. पंपांच्या प्रस्तावात 'अपेक्षित लाभ' या रकान्यात लिहिलं होतं: कमी वेळात जास्त क्षेत्रावर फवारणी. ते वाक्य मीच तपासून पुढे पाठवलं होतं. आम्ही फवारणी वाढवायची योजना केली होती, आणि फवारणाऱ्याचं अंग कोणत्याच खात्यात बसत नव्हतं.

प्रस्ताव लिहायला बसले. प्रत्येक पंपासोबत संरक्षक संच. जुलैच्या आत ग्रामीण रुग्णालयांत अ‍ॅट्रोपिन आणि पॅम या दुसऱ्या उताऱ्याचा साठा. मोसमाआधी आणि मोसमात फवारणाऱ्या मजुरांची कोलिनएस्टरेज तपासणी, म्हणजे विषाचा अंगावर किती परिणाम झाला ते दाखवणारी रक्ततपासणी. मजुरांची, हे मुद्दाम लिहिलं, कारण आमच्या याद्या सातबाऱ्यावरून निघतात आणि बहुतेक फवारणी रोजानं होते. औचित्यासाठी शोधताना कळलं की रसायनांच्या सुरक्षित हाताळणीचा जागतिक आराखडा २००६ साली दुबईत मान्य झाला होता आणि हा विषय विकास नियोजनातच घ्या, असं त्यातही म्हटलं होतं. बारा वर्षं झाली होती. माझ्या टेबलापर्यंत ते आलं नव्हतं.

बैठकीत पहिला प्रश्न आला, लेखाशीर्ष कोणतं, म्हणजे खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा? कृषी म्हणे आरोग्याचं काम, आरोग्य म्हणे कृषीचं. मी त्या घरातलं टोपण मागून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, मापाला एवढंच आहे. शेवटी नावीन्यपूर्ण योजनेतून एका तालुक्यासाठी संच मंजूर झाले. रक्ततपासणी वगळली गेली.

मुलगा वाचला. पुढच्या मोसमात गेले तेव्हा मुखवटा वापरलेला दिसत होता, हातमोजे मात्र खुंटीला. "हात उकडते मॅडम," तो म्हणाला, "पातळ भेटत असन तर पाहा." पुढच्या मागणीत मी मोज्यांचा प्रकार बदलला, आणि रक्ततपासणी पुन्हा लिहिली.