मिरचीला लाड सोसत नाहीत

घरच्या घरी वाढवायला सोपं झाड कोणतं, असं विचारलं की मिरचीचं नाव हमखास पुढे येतं. उगवायला ती सोपी आहेच. डब्यातल्या वाळक्या लाल मिरचीचं बी झाडताना कुंडीत पडलं, तरी पंधरवड्यात तिथे हिरवे ठिपके दिसू लागतात. पण उगवणं आणि फळणं यांच्यामध्ये साडेतीन-चार महिने असतात आणि तेवढ्यात गच्चीवरची बरीचशी रोपं गारद होतात. बहुतेकदा याला दुर्लक्ष कारणीभूत नसतं. पाणी जास्त, खत जास्त, काळजी जास्त, असा सगळा आजार असतो.

बियाण्यापासूनच बघू. बाजारातल्या हिरव्या मिरचीतलं बी कोवळं असतं, ते पेरून उपयोग नाही. झाडावर पूर्ण लाल होऊन वाळलेल्या मिरचीचं बी चालतं. मात्र बाजारातली मिरची संकरित वाणाची असली तर पुढच्या पिढीत कशी मिरची लागेल याचा भरवसा नाही. पहिल्यांदाच लावणाऱ्याने सरळ पाकीट आणावं. ‘पुसा ज्वाला’ हे जुनं, भरपूर लागणारं आणि घरगुती चुका पोटात घालणारं वाण आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ही चांगली, तिला मिरच्या घोसाने लागतात. ठेच्यासाठी लवंगी हवीच असेल तर एखादं रोप पुरे. ब्याडगी मात्र कुंडीत लावण्याचा मोह पहिल्या वर्षी आवरावा. तिचं सगळं वैभव लाल, वाळलेल्या, सुरकुतलेल्या रूपात. फळ झाडावर पिकवत ठेवावं लागतं, आणि दोन कुंड्यांतून मूठभर मिरच्या निघतात, तिखटाचा डबा भरत नाही.

महाराष्ट्रात पेरणीला ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ नवख्याला सर्वांत सोपा. पावसाचा जोर ओसरलेला असतो, रोप ऑक्टोबरात मोठ्या कुंडीत जातं, फुलं थंडीच्या तोंडावर येतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत तोडे चालू राहतात. शेतकरी जूनमध्ये लावतात, पण त्यांच्या वाफ्याला निचरा असतो. आपल्या कुंडीत पावसाळाभर चिखल असतो.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावं. तळाला भोक पाडलेल्या कागदी पेल्यात ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं निम्मं भरून प्रत्येक पेल्यात दोन बिया, अर्ध्या सेंटिमीटर खोल. कोकोपीट आधी दोन पाण्यांतून धुऊन पिळून घ्यावं, त्यात क्षार असतात. पंचवीस ते तीस अंश तापमानात आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात, गारठ्यात तीन आठवडेही लागतात. पाचव्या दिवशी बोटाने उकरून बघणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्या बिया बहुधा त्या उकरण्यानेच जातात.

कोंब दिसले की त्याच दिवशी पेले उजेडात न्यावेत. दोन दिवस अंधारात राहिले तर रोपं सुतासारखी लांबतात आणि मग आयुष्यभर कण्यात जोर येत नाही. याच वयात पहिला मोठा घात होतो. संध्याकाळी ताठ उभं असलेलं रोप सकाळी जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडलेलं असतं. ही रोपमर. मातीतली बुरशी खोडाचा तळ खाते आणि तिला वाट करून देतं ते आपण दिवसातून दोनदा शिंपडलेलं पाणी. पेल्याचा वरचा थर किंचित सुकला की मगच पाणी, तेही सकाळी. ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची चिमूटभर भुकटी मिश्रणात आधीच मिसळली तर धोका आणखी कमी होतो. आडवं पडलेलं रोप परत उभं राहत नाही, ते काढून टाकावं.

पहिली दोन पानं ही रोपाची खरी पानं नव्हेत. त्यांच्यानंतरची पाच-सहा पानं आली, उंची चार-पाच इंच झाली, म्हणजे साधारण पस्तीस-चाळीस दिवसांनी, रोप मोठ्या कुंडीत जातं. कुंडी १२ इंच रुंद आणि तेवढीच खोल, एका कुंडीत एकच रोप. दोन लावली तर दोन्ही अर्धपोटी राहतात. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा चालतो, पण एप्रिलमध्ये तो इतका तापतो की मुळं शिजतात. त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळावं. तळाला बोटाच्या जाडीची चार-पाच भोकं हवीतच. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड एवढं पुरतं. नुसती काळी माती भरू नये. ओली असताना ती पाणी सोडत नाही, सुकली की भेगा पडून मुळं तोडते. आणि शेणखत कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर भुरभुरीत, बिनवासाचं. वास येत असेल तर ते अजून तापतंय, मुळं जाळेल.

लावणी उन्हं उतरल्यावर करावी. टोमॅटोचं रोप खोडासकट खोल पुरायची रीत आहे, कारण त्याच्या खोडाला मुळं फुटतात. मिरचीला ती रीत लावू नये. पेल्यात होतं तेवढ्याच खोलीवर ठेवून माती हलकेच दाबावी आणि पहिले तीन-चार दिवस दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा. त्यानंतर मात्र सहा तास ऊन हवं. यात सवलत नाही. उत्तरेकडच्या बाल्कनीत मिरचीचं झाड छान हिरवंगार दिसेल, पुदिन्याशेजारी शोभेलही, पण फोडणीत टाकायला मिरची बाजारातूनच आणावी लागेल.

आता लाडांकडे वळू. पाणी किती, या प्रश्नाला ‘दिवसाला एक तांब्या’ असं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पहिलं पेर मातीत बुडेपर्यंत बोट खुपसावं. ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर तळातून बाहेर येईपर्यंत पाणी. दुपारी दोन वाजता मिरचीची पानं मान टाकतात आणि घरातलं कोणीतरी कळवळून तांब्या ओततं. उन्हाच्या तडाख्यात झाड पानं खाली टाकतं, संध्याकाळी आपोआप उचलतं. उचलली नाहीत, किंवा सकाळीच मलूल दिसली, तर बोट घालून बघा. माती ओली असूनही पानं मलूल असतील तर मुळं कुजताहेत. तिथे आणखी पाणी म्हणजे मारच.

दुसरा लाड स्वयंपाकघरातून येतो. चहाचा चोथा धुऊन, वाळवून टाकला तर ठीक. दूध-साखरेसकट टाकला की मुंग्या येतात, आणि मुंग्या मावा ही रस शोषणारी बारीक कीड सांभाळतात, कारण माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो. अंड्याची टरफलं फोडून टाकली तर सहा महिन्यांनी तशीच सापडतात. केळ्याच्या सालींचं पाणी झाडाला किती पोचतं कोण जाणे, चिलटांना नक्की पोचतं. यापेक्षा दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत कडेकडेने मिसळावं. रासायनिक चालत असेल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला दोन ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, आणि फुलं दिसली की ते थांबवून पालाश जास्त असलेलं खत. युरियाचे चार दाणे टाकल्याने झाड चार दिवसांत गडद हिरवं होतं, शेजारी कौतुक करतात आणि फुलं येत नाहीत. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं.

झाड वीतभर झालं की वरून दोन बेचक्यांत फुटतं आणि त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. ते खुडावं. जीवावर येतं, पण त्या एका मिरचीपायी झाडाची वाढ अडते. पुढची फुलं आपली आपण फळतात, मधमाशीवाचून अडत नाही. बाराव्या मजल्यावर जाळी लावलेल्या, वारा नसलेल्या बाल्कनीत सकाळी फांदीला टिचकी मारली की काम होतं.

तरीही फुलं गळतात. मिरची मूळची मेक्सिकोकडची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याला आली आणि तिथून आपल्या पाट्यावरवंट्यावर अशी बसली की मिरी-पिंपळी मागे सरल्या. तिखटपणामुळे ती कडक उन्हाची असावी असं आपण धरून चालतो. तिला ऊब हवी, भट्टी नको. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही उकडत राहिलं की फूल देठापाशी पिवळं पडून गळतं. नागपुरात मे महिन्यात फुलं गळाली म्हणून खत घालणं व्यर्थ आहे. दुपारी हिरवी जाळी धरावी, पाण्याचा ताण पडू देऊ नये आणि पावसाची वाट पाहावी. डिसेंबरच्या कडाक्यातही गळ होते, तेव्हाही उपाय नाही.

आणि मग पानं मुरडतात. शेतकरी याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. मिरची लावणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो कधी ना कधी येतोच. लिंबू-मिरची टांगून दुसऱ्यांची दृष्ट काढणाऱ्या मिरचीला स्वतःलाच दृष्ट लागल्यासारखं दिसतं. लोक घाईने दिसेल ते औषध मारतात, आणि चुकतात ते इथेच, कारण मुरडण्याची कारणं तीन आणि तिन्हींचे उपाय वेगळे. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखा आकार आला असेल आणि खालून रुपेरी-तपकिरी ओरखडे दिसत असतील, तर फुलकिडे. शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, दोऱ्याच्या तुकड्याएवढे पिवळसर जीव पळताना दिसतील. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद आणि देठ लांब झाला असेल, तर कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारा सूक्ष्म किडा. तो डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. आणि पानं बारीक, शिरा जाड, शेंडा गुच्छासारखा, झाड खुजं, झटकलं की पांढऱ्या माश्या उडताहेत, असं असेल तर तो विषाणू.

फुलकिड्यांवर निंबोळी तेल चालतं. पाच मिली तेलात आधी भांड्याच्या साबणाचे काही थेंब नीट घोटावेत, मग एक लिटर कोमट पाणी. साबणाशिवाय तेल वर तरंगतं आणि पानं भाजतं. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालून, कारण वरून फवारलं तर किडीला फक्त आवाज ऐकू येतो. आठवड्याने पुन्हा, असं तीनदा. एकदा मारून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं की आज अंड्यात असलेली कीड पाच-सहा दिवसांनी बाहेर येणार आहे. शेजारी निळा चिकट सापळा लावावा. पिवळा पांढऱ्या माशीसाठी. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. कडक उन्हात मारू नये, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तर मुळीच नको, पानं करपतात. विषाणूला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाकावं, शेजारची तीन वाचतात. छाटून बघू, कदाचित सुधारेल, हा या खेळातला सर्वांत महागडा लाड.

लावणीनंतर दोनेक महिन्यांत पहिला तोडा. एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने देठासकट मिरची वर उचलावी. खाली ओढली की फांदीच हातात येते. दर चार-पाच दिवसांनी तोडत राहिलं तर फुलं येत राहतात. बियाण्यासाठी म्हणून दहा मिरच्या लाल होऊ दिल्या की झाड हात आखडतं. एक-दोन पुरेत, आणि शेजारी ढोबळी लावली असेल तर त्याही नकोत, कारण मधमाशीने परागांची सरमिसळ केली असेल. लाल मिरची बुलबुलाने पळवली तर रागावू नये. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. तिखटपणा बियांत असतो ही समजूतही तशीच चुकीची. तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात तयार होतो.

मार्चनंतर झाड थकलं तरी फेकू नये. मे-अखेरीस वीतभर खोड ठेवून छाटावं, वरची दोन इंच माती बदलावी. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ते फुटतं, मात्र मुसळधार पावसात कुंडी छपराखाली हवी, नाहीतर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात.

आणि फेब्रुवारीत एकदम भरपूर मिरच्या आल्या तर निम्म्या सांडगी मिरचीला द्याव्यात. त्यासाठी लवंगी नको, जरा जाड सालीची, बेताच्या तिखटाची मिरची हवी. उभी चीर देऊन आत मीठ, धने, मेथी आणि हिंगाची भरड भरायची, रात्रभर आंबट ताकात ठेवायची, दिवसा उन्हात, असं ताक संपेपर्यंत. मग नुसतं कडक ऊन द्यायचं. डब्यात भरण्याआधी एक मोडून पाहावी. वाकली तर आणखी दोन उन्हं लागतील.