चौकोन किती बिघडू द्यायचे: प्लॉटरच्या नोंदी

प्लॉटर, म्हणजे संगणकाच्या सूचनांनुसार खरं पेन कागदावर चालवणारं यंत्र, हाती आला की जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी संगणकावर चित्रं काढणाऱ्या पहिल्या काही जणांतले गेऑर्ग नेस यांची चौकोनांची जाळी काढून बघतोच. आडवे १२, उभे २२. वरच्या ओळी शिस्तीत, आणि खाली येता येता चौकोन कलंडत, सरकत, एकमेकांवर चढत गेलेले. १९६० च्या दशकातलं काम, आणि कोड मोजक्या ओळींचा: ओळीचा क्रमांक जितका मोठा, तितकं चौकोनाचं फिरणं आणि सरकणं जास्त. मीही तिथूनच सुरुवात केली आणि अजून तिथेच घुटमळते आहे. ‘किती फिरवायचं’ आणि ‘किती सरकवायचं’ या दोन आकड्यांत वाटलं होतं त्याहून बरंच काही दडलेलं निघालं.

आधी रँडमचा मामला. साधं रँडम सगळ्यांना सारखं वाटप करतं. उणे ५ ते ५ मि.मी. अशी हद्द दिली तर त्यातला कुठलाही आकडा सारख्याच शक्यतेने येतो. त्यामुळे ओळीतले सगळेच चौकोन थोडेफार हललेले दिसतात आणि नजर कुठेच ठरत नाही. नुसता गोंधळ, आणि तोही बेचव. म्हणून गॉसियन वाटपावर आले, ज्यात बहुतेक आकडे मध्याजवळ येतात आणि लांबचे क्वचित. प्रमाण विचलन १.२ मि.मी. ठेवलं की साधारण दोन तृतीयांश चौकोन जागेपासून १.२ मि.मी.च्या आतच राहतात आणि वीसातला एखादाच २.४ च्या पलीकडे जातो. डोळा थेट त्या एखाद्याकडेच जातो, आणि त्याच्यामुळे बाकीची ओळ सरळ आहे हे जाणवायला लागतं. दोन्ही कागद शेजारी लावून बघा, चित्राचा स्वभावच पालटतो.

पर्लिन नॉइजही लावून पाहिला. केन पर्लिन यांनी तो १९८० च्या दशकात संगणकावरच्या पृष्ठभागांना नैसर्गिक पोत यावा म्हणून तयार केला, आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना तांत्रिक ऑस्करही मिळालं. त्यात शेजारचे आकडे एकमेकांना धरून असतात, त्यामुळे चौकोन एकेकटे न बिघडता घोळक्याने कलतात आणि सगळ्या पानावरून एक लाट गेल्यासारखी वाटते. देखणं दिसतं, नाही म्हणणार नाही. पण माझं मत विचाराल तर नॉइजचं देखणेपण आता फार ओळखीचं झालंय. कोडमधून आलेली दहा चित्रं बघितली तर त्यातली निम्मी तशीच वाहत असतात. सध्या मी कोनासाठी नॉइज आणि सरकण्यासाठी गॉसियन अशी वाटणी केली आहे. चौकोन कलतात शेजाऱ्यांच्या बरोबरीने, पण जागा सोडतात आपापल्या मर्जीने.

एक शिस्त मात्र संगणक-कलेतल्या आद्य चित्रकार व्हेरा मोल्नार यांच्याकडून उचलली आहे. त्यांना संगणक मिळाला १९६८ मध्ये, पण १९५९ पासूनच त्या मनातल्या मनात यंत्र कल्पून, नियम ठरवून, एकेक पाऊल हाताने काढत होत्या. एका वेळी एकच गोष्ट किंचित बदलायची आणि काय होतं ते बघायचं, ही त्यांची पद्धत. त्यामुळे माझ्याकडेही एका कागदावर एकच आकडा बदलतो, आणि तो मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला असतो. सोबत सीडही, म्हणजे ज्या आकड्यापासून रँडमची मालिका सुरू होते तो. सीड लिहून ठेवलं नाही तर तेच चित्र पुन्हा काढता येत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको.

सीड निवडायला पडद्यावर छोट्या चित्रांचा तक्ता काढते. तिथे एक सवय लावून घेतली: रेघेची जाडी पिक्सेलमध्ये न ठेवता मिलिमीटरमध्ये ठेवायची, जे पेन लावणार आहे तेवढीच. पडद्यावरच्या केसासारख्या रेघेत दाट जाळीही हवेशीर दिसते. तीच जाळी ०.५ च्या जेल पेनने काढली की खालच्या चार-पाच ओळी काळ्या होतात.

आता पेनाकडे येते, कारण या वेळचा जास्तीत जास्त वेळ तिथेच गेला.

चौकोन ही बंद आकृती. पेन जिथे टेकतं तिथेच परत येऊन उचललं जातं. टेकताना क्षणभर थांबतं, शाई जास्त उतरते आणि एक बारीक ठिपका राहतो. एका चौकोनात तो कुणाला दिसणारही नाही. पण कोडमध्ये प्रत्येक चौकोन वरच्या डाव्या कोपऱ्यातूनच सुरू होत असेल, तर पानभर ठिपक्यांची दुसरीच जाळी उमटते आणि एकदा दिसली की मग तीच दिसत राहते. प्लॉटरसाठी रेघांच्या फाइली तयार करणाऱ्या व्हीपाइप या प्रोग्रॅममधला ‘रीलूप’ यासाठीच आहे, तो बंद आकृतीचा सुरुवातीचा बिंदू कुठेतरी भलतीकडे नेतो. मात्र तो आहे त्या बिंदूंमधूनच निवडतो, आणि चौकोनाला बिंदू चारच. म्हणजे ठिपका या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. त्यात कोपऱ्यावर वळताना प्लॉटर वेग कमी करतो, त्यामुळे तिथे शाई आधीच जास्त असते, वरून हा ठिपका. म्हणून मी कोडमध्येच प्रत्येक बाजूवर मधले काही बिंदू घालते. मग रीलूप सांधा बाजूच्या मध्यावर कुठेतरी नेतो आणि तो रेघेत मिसळून जातो. क्रम महत्त्वाचा आहे: ‘लाइनसिम्प्लिफाय’ आधी चालवला तर तो सरळ रेषेतले हे बिंदू फालतू समजून उडवतो. रीलूप आधी, बाकी सगळं नंतर.

सर्वोने (पेन वर-खाली करणाऱ्या छोट्या मोटरने) पेन खाली सोडण्याचा वेग कमी केल्यानेही बराच फरक पडला. आपटून टेकलेलं पेन आणि अलगद टेकलेलं पेन, दोन्हींचे ठिपके भिंगातून बघितले तर दुसरा जेमतेम रेघेएवढाच रुंद असतो. शिवाय जेल पेन थोडा वेळ उचललेलं राहिलं की पुढची रेघ कोरडी सुरू होते. त्यासाठी समासाबाहेर एक आडवी रेघ आधी ओढून घेते, शाई वाहती झाली की मग चित्र.

रेघांचा क्रम लावण्याबद्दल मत बदललंय. ‘लाइनसॉर्ट’ने पेनाची हवेतली धावपळ कमी होते, वेळ वाचतो, सगळं खरं. पण तो शेजारचेच चौकोन लागोपाठ काढतो आणि खालच्या भागात चौकोन एकमेकांवर चढलेले असतात. म्हणजे पहिल्याची शाई ओली असतानाच दुसऱ्याची रेघ त्यावरून जाते. नीब ती ओली शाई पुढे ओढतं, छेदाच्या ठिकाणी कागद भिजतो, त्याचे तंतू उठतात, आणि ते नीबमध्ये अडकले की पुढची रेघ केसाळ. आता वरचा मोकळा भाग सॉर्ट करते आणि खालचा दाट भाग मुद्दाम उलटसुलट क्रमाने काढते, म्हणजे एका जागी परत यायला मध्ये वेळ जातो. काम लांबतं, लांबू दे. कागद गुळगुळीत ब्रिस्टॉल. खरबरीत जलरंग कागदावर फाइनलायनरचं टोक फार लवकर झिजतं.

दुसरा रंग घेतला तेव्हा रंग जुळवण्याची भानगड. कागद टेपने पक्का असला आणि हलवला नसला तरी रंग सरकतो, कारण पेनांची जाडी सारखी नसते. माझा पेन धरायचा चिमटा व्ही आकाराचा, ९० अंशांचा आहे. त्यात ८ मि.मी. जाडीचं पेन आणि ११ मि.मी. जाडीचं पेन यांच्या मध्यबिंदूंत सुमारे २ मि.मी.चा फरक पडतो, आणि तोही एकाच दिशेने. दिशा आणि अंतर दोन्ही ठरलेले, त्यामुळे उपाय सोपा: दोन्ही पेनांनी कोपऱ्यात एकेक अधिकचं चिन्ह काढायचं, फरक मोजायचा, दुसरा लेयर तेवढा सरकवायचा. बारीक पेनांना कागदी नळी गुंडाळून सगळ्यांची जाडी सारखी करणं हा आणखी चांगला मार्ग, पण नळी नेमकी बसायला हवी.

प्लॉटर चालू असताना बघणारं कुणी असलं की एक प्रश्न येतोच: मग यात तू काय केलंस? प्रश्न जुना आहे. १९६५ मध्ये श्टुटगार्टला नेस यांची चित्रं मांडली तेव्हाही जमलेल्या चित्रकारांतले काही चांगलेच चिडले होते. दोन वर्षांनी अमेरिकन चित्रकार सोल लेविट यांनी लिहून टाकलं की कल्पनाच कला घडवणारं यंत्र होते, आणि १९६८ पासून त्यांनी भिंतीवरच्या चित्रांची मालिका सुरू केली, ज्यांत सूचना त्यांच्या आणि रेघा बहुतेकदा दुसऱ्यांच्या हातच्या. आज हा प्रश्न धारदार झालाय, कारण एक वाक्य टाकलं की पूर्ण चित्र देणारी साधनं सगळ्यांच्या खिशात आहेत. निवड तिथेही करता येते, त्यामुळे ‘मी निवडलं’ एवढ्यावर माझं भागत नाही. फरक मला इतकाच दिसतो की इथे एखादा चौकोन तिरका का आहे ते मी बोट ठेवून सांगू शकते: हा आकडा, हे वाटप, हे सीड. आणि ज्याचं कारण माहीत आहे ते बदलताही येतं, नेमकं तेवढंच. बाकीचं शाई करते, तिचं श्रेय मी घेत नाही.

पुढे चौकोनांच्या आत हॅचिंग, म्हणजे समांतर रेघा, भरायचा विचार आहे, तीन रंगांत. दोन थरांच्या रेघांमध्ये कोनाचा फरक थोडाच असेल तर मोआरेचे, म्हणजे रेघांवर रेघा पडून दिसणारे नको असलेले, पट्टे उठतात. छपाईवाले काळा, निळसर आणि गुलाबी हे रंग एकमेकांपासून ३० अंशांवर ठेवून ते टाळतात. पण त्यांचे ठिपके फार बारीक आणि आपल्या रेघा जाड. शिवाय इथे प्रत्येक चौकोन आपल्या कोनासह फिरलेला असणार, म्हणजे हॅचिंग चौकोनाबरोबर फिरवायचं की कागदाला धरून सरळ ठेवायचं, हेही ठरवायचंय. ०.५ च्या पेनाला रेघांमध्ये ०.८ मि.मी. अंतर ठेवून एका रंगाची पट्टी काढली आहे, ती ठीक वाटते. तीन थर एकावर एक कुणी काढले असतील तर पेन, अंतर आणि कागदाचं वजन एवढं जरूर कळवा. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कागदाच्या) खाली तीन थर टिकतात का, हे मला कागद आणण्याआधी हवंय.