दारू नाही, मग लिव्हरचा कॅन्सर कसा?

“पोरगं दीड वर्षाचं. दारू नाही, तंबाखू नाही. मग लिव्हरचा कॅन्सर कसा काय?” कोल्हापुरात हा प्रश्न कायम येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

मोठ्यांचा आजार वेगळा, हा वेगळा. नाव हेपॅटोब्लास्टोमा. गर्भात लिव्हर घडवणाऱ्या कच्च्या पेशी पक्व न होता वाढत सुटतात. म्हणून बहुतेक मुलं तीन वर्षांच्या आतली. आईच्या खाण्याचा, नजर लागण्याचा काही संबंध नाही. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना मात्र धोका बराच जास्त.

जगात पंधरा वर्षांखालच्या दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाद-दुसरी केस. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ३८ लाखांचा, त्यात पंधराखालची मुलं अंदाजे दहा लाखांच्या आसपास. म्हणजे इथंही वर्षाला साधारण तेवढीच. गगनबावड्याच्या डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत एकही दिसणार नाही कदाचित. घोळ तिथंच होतो. पोट मोठं दिसतं पण दुखत नाही, पोर खेळत असतं. मग जंताचं औषध दिलं जातं, आजी म्हणते बाळसं धरलंय. आंघोळ घालताना उजव्या बरगडीखाली टणक काही हाताला लागलं, तर सोनोग्राफी त्याच आठवड्यात करा.

मग रक्तातलं एएफपी, म्हणजे या गाठीत बहुधा खूप वाढणारं एक प्रथिन. नवजात बाळात ते मुळातच हजारोंच्या घरात असतं, मोठ्यांइतकं खाली यायला आठ-दहा महिने लागतात. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ रेंज मात्र मोठ्यांची! उलट, गाठ असून एएफपी १०० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर हायसं वाटून घेऊ नका. तो प्रकार जास्त चिवट.

उपचारात आधी सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, गाठ आक्रसली की ऑपरेशन. गाठ लिव्हरपुरती, काढण्याजोगी असेल तर दहांपैकी नऊ मुलं जगतात. सिस्प्लॅटिन जुनंच औषध आहे, पण ते कान घालवतं. त्याच्या डोसानंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट हे कान वाचवणारं औषध दिलं तर ऐकू न येण्याचं प्रमाण ६३ वरून ३३ टक्क्यांवर आलं, असं २०१८ च्या अभ्यासात दिसलं. घाईनं आधी दिलं तर सिस्प्लॅटिनच निकामी होण्याची भीती. दर डोसाआधी श्रवणचाचणी मागून घ्या.

आणि दोन डोसांत पोट उतरलं म्हणून ऊसतोडीला निघून जाऊ नका. पोट उतरलं तरी गाठ आत असतेच.

हिपॅटायटिस बी च्या लसीनं हा आजार टळत नाही. ती मोठ्या मुलांतल्या दुसऱ्या लिव्हर कॅन्सरसाठी. तैवाननं १९८४ पासून दिली, तिथं तो घटला. आपल्याकडं पहिला डोस जन्मापासून २४ तासांत.